वळणावरची पांढरी गाडी

जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या डोंगरातला तो रस्ता एका गाडीपुरताच होता. चिनात्सुने गाडी मागे घेऊन वाट दिली, तेव्हा लाकडांचा ट्रक शेजारून गेला आणि मागचे दिवे दोनदा लुकलुकवून आभार मानून गेला. इथली रीतच ती.

पुढच्या वळणावरच्या गोल आरशात एक पांढरी गाडी येताना दिसली. चिनात्सु पुन्हा मागे आली आणि देवदारांखालच्या मोकळ्या जागेत थांबली.

कोणीच येईना.

"अगं, तू अशी वाट देत बसलीस तर आपण पोचेपर्यंत मॅपलची सगळी पानं गळतील!" मागच्या सीटवरून कोहेई म्हणाला.

"गप रे, संत्रं सोल तू," चिनात्सुच्या शेजारी बसलेली माकी म्हणाली.

"खरंच दिसली होती," असं पुटपुटत चिनात्सुने गिअर टाकला. इतक्यात समोरचं अख्खं वळण, आरशासकट, धडधडत दरीत गेलं.

धुरळा बसला. कोहेईने मागून चिनात्सुचा खांदा घट्ट धरला. माकी हसत होती आणि डोळे वाहत होते. वाचलो! चिनात्सुचा जीव भांड्यात पडला.

गाडी वळवायला तिने काचेतून मागे पाहिलं.

उतारावरून एक पांढरी गाडी खाली चालली होती. तिचे मागचे दिवे दोनदा लुकलुकले.