कुलपाचा धडा

रविवारी सकाळी प्रौढांसाठी मशीन दुरुस्तीचा वर्ग भरायचा. शिकवायला एक निवृत्त फिटर होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचा पहिला धडा ठरलेला. मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद करायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. म्हणजे आपण आत असताना कुणाला मशीन चालू करता येत नाही.

वर्गात एकच बाई होती, चाळिशीची, अबोल. बाकीचे कुलपाशी खटपट करत एकमेकांची टर उडवत होते. तिने मात्र स्विच खाली ओढला, कुलूप अडकवलं, किल्ली पर्समध्ये टाकली. मग उघडून पुन्हा लावलं. मास्तरांना बरं वाटलं. असा शांत हात क्वचितच यायचा वर्गात.

"ताई, छान जमलं. पुढच्या रविवारी बेअरिंग काढायला शिकवतो."

"पुढच्या रविवारी मी नाही येणार." पत्ता सांगावा तसा तिचा आवाज सपाट होता.

"का? एका धड्यात शिक्षण संपलं?" मास्तर हसले.

"आमचे हे पट्टा बदलत असताना कुणीतरी मशीन चालू केलं. जागीच गेले. कारखान्याचे साहेब घरी येऊन म्हणाले, काम घाईचं होतं, कुलूप लावायला वेळच नव्हता."

तिने किल्ली मास्तरांच्या हातावर ठेवली.



"किती वेळ लागतो, तेवढंच बघायचं होतं."