मॅडमची डावी भुवई

भुवई दिसत नव्हती. चिमणीने मान लांब केली, टाचा उचलल्या, तरी हिरव्या चादरीपलीकडचं काही दिसेना. झाली का पंचाईत!

चिमणी म्हणजे वॉर्डातली सगळ्यात लहान चणीची शिकाऊ डॉक्टर. दंडातल्या शिरेत औषधाची लांब नळी घालायला ती शिकत होती. सोनोग्राफीचा प्रोब दंडावर टेकवायचा, स्क्रीनवर शीर शोधायची आणि सुई उघडण्याआधी नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायचं, हा तिला शिकवणाऱ्या मॅडमचा नियम. सुई नर्व्हला लागली तर माणसाचा हात कायमचा लुळा पडू शकतो. त्यामुळे या बाबतीत मॅडम कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

"शीर दाबली की चपटी होते. धमनी दाबली तरी उडत राहते," त्या शिकवायच्या. "आणि नर्व्ह? मधाच्या पोळ्यासारखी ठिपक्याठिपक्यांची. दाबा नाहीतर चेपा, थोरल्या जावेसारखी ढिम्म!"

चिमणीला शीर दिसे, धमनी दिसे. ही मधाची पोळी मात्र तिला जिथे तिथे दिसत. मग तिने आपली एक युक्ती काढली. बोट स्क्रीनवरून सावकाश फिरवायचं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मॅडमकडे बघायचं. बोट नेमक्या जागी आलं की मॅडमची डावी भुवई टुणकन वर जाई. "ही नर्व्ह!" चिमणी ठणकावून सांगे. एकदाही चुकली नाही पठ्ठी. वॉर्डात तिचं कोण कौतुक! शेवटी मॅडमनी जाहीर केलं, "पुढची नळी चिमणी एकटी घालणार. नीट घातली की ही माझ्या तावडीतून सुटली."

आणि पुढचा दंड निघाला तो खुद्द मॅडमचा. त्यांच्या पायाच्या हाडात जंतुसंसर्ग झाला होता आणि औषध बरेच आठवडे शिरेतून द्यायचं होतं. बाकीचे डॉक्टर पुढे आले, तर मॅडम हटूनच बसल्या. चिमणीच हवी!

आता खांबाला टांगलेल्या चादरीच्या अलीकडे चिमणी आणि मॅडमचा उजवा दंड, तर पलीकडे मॅडमचा चेहरा, तोही समोरच्या स्क्रीनकडे वळलेला. मॅडमना स्क्रीन दिसत होता. चिमणीला मॅडम दिसत नव्हत्या.

"घाल बिनधास्त," चादरीमागून आवाज आला.

मॅडमचा उजवा हात! चिमणीने मदतीसाठी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर एकदम छताचं निरीक्षण करू लागल्या.

मग नाइलाजाने चिमणीने पहिल्यांदाच नुसत्या स्क्रीनकडे पाहिलं. शीर मोठी, छान, गोल होती. तिच्याजवळ दोन पोळी होती, एक बाजूला आणि एक खाली. तिने प्रोब दाबला. शीर चपटी झाली, धमनी उडत राहिली, दोन्ही पोळी ढिम्म. तिने प्रोब दंडावरून वर नेला, खाली आणला. बाजूचं पोळं पसरत गेलं आणि स्नायूत विरून गेलं. खालचं मात्र जसंच्या तसं, प्रोबबरोबर चालत राहिलं.

अगंबाई! नर्व्ह अशी मध्येच विरत नाही. ही खरी.

"मॅडम, मी इथे नाही घालणार."

"का गं? शीर तर चांगली जाडजूड दिसतेय."

"दिसू दे. नर्व्ह तिच्या बरोबर खाली आहे. सुई जराशी पुढे गेली तर थेट तिच्यात. मी वर सरकते, तिथे दोघींची वाट वेगळी होते."

चिमणी वर सरकली, सुई घातली, नळी अलगद आत गेली.

"झिणझिण्या? मुंग्या?"

"छे! काही नाही."

चिमणीने इतका मोठा श्वास सोडला की मास्क फुगला. सिस्टरांनी चादर काढली आणि तोंडावर हात धरून हसायला लागल्या. मॅडमच्या डाव्या भुवईवर, कपाळापासून कानशिलापर्यंत, चिकटपट्टी करकचून लावलेली होती.

चिमणीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"बोट स्क्रीनवर आणि डोळे माझ्या कपाळावर! मी काय आंधळी आहे? ही मेली भुवई माझं ऐकत नाही, त्याला मी काय करू? पण ही परीक्षा दुसऱ्या कुणाच्या हातावर घ्यायची माझी छाती झाली नाही."

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी एक गोष्ट तिला उमगेना. "पण मॅडम, मध्ये चादर होती की! मग पट्टी कशाला?"

मॅडमनी पट्टी टर्रकन ओढली आणि कळवळल्या.

"आणि चादर सरकली असती तर? हात माझा होता गं बाई. मला भुवई उडवायचा मोह आवरला नसता."