कटाच्या दोन वाट्या

मिसळीच्या कटाच्या दोन्ही वाट्या केतकीनेच वडिलांसमोर ठेवल्या. एकीत तिने केलेला कट, दुसरीत त्यांच्या हॉटेलात कामाला असलेल्या फुलामावशींचा. कुठला कुणाचा हे न विचारता चाखायचं आणि ज्याचा सरस त्याच्या हाती भट्टी द्यायची, असं अण्णांनीच ठरवलं होतं.

त्यांनी पहिली वाटी चाखून बाजूला सारली. दुसरी पावानं पुसून खाल्ली.

"ही माझ्या लेकीची," ते म्हणाले. "हाताची चव रक्तातूनच येते."

फुलामावशी मान खाली घालून कांदा चिरत राहिल्या. केतकी नुसती गप्प बसली असती, तरी भट्टी तिचीच होती.

तिने पळी उचलून मावशींच्या हातात दिली. "दुसरी वाटी यांची होती, अण्णा."

मग कांद्याचं ताट स्वतःपुढे ओढलं. "माझ्या कटात काय कमी पडलं ते सांगा, मावशी. पुढच्या वर्षी पुन्हा वाट्या मांडू."