डावीकडचा ब्रेक

गाडी बघायला आलेल्या तरुणाने डावीकडचं दार उघडलं आणि पायाखालची मॅट उन्हात धरली. बाकी मॅट धड होती, पण उजव्या चवड्याच्या जागी झिजून भोक पडलं होतं.

“काका, गाडी ड्रायव्हिंग स्कूलची होती का? इकडेही ब्रेक असणार.”

गाडी नेहमी मुकुंदरावच चालवायचे. रिक्षा आडवी घुसली, ट्रकने हूल दिली, की शेजारी बसलेल्या बायकोचा पाय तिथे कचकन दाबला जायचा. “तिथे ब्रेक नाहीये, कुमुद,” ते दरवेळी खेकसायचे. पण खेकसता खेकसता त्यांचा स्वतःचा पायही खऱ्या ब्रेकवर गेलेला असायचा.

तरुण गाडीभोवती फिरून आला. “चौदा वर्षं चालवलीत आणि साधा ओरखडा नाही. पुढे बंपरला तेवढा हा पोचा दिसतोय. कधीचा?”

मुकुंदरावांनी त्याच्या हातातली मॅट घेतली, हलकेच झटकली आणि गुंडाळून काखेत धरली. गाडी हवी तर आजच न्या म्हणाले, मॅट तेवढी मिळणार नाही.

“बरं. आणि हा पोचा?”

“तो आमची ही गेल्यानंतरचा.”