बारशातली पंचवीस मिनिटं

बारशाच्या घुगऱ्या वाटून होत नाहीत तोच रेसिंग महासंघाचे निरीक्षक पेटी घेऊन दारात उभे राहिले. शर्यतीच्या गाड्यांच्या खर्चाला मर्यादा आल्यापासून इंजिनिअरांचे विचारही खर्चात धरले जात, आणि वैजूच्या कानामागच्या विचार मोजणाऱ्या बिल्ल्याने चुगली केली होती. भाचीच्या कानात नाव सांगता सांगता तिला ब्रेक गार ठेवायची युक्ती सुचली होती! तिच्या कंपनीचा विचारांचा कोटा तर मार्चमध्येच संपलेला.

"युक्ती पुसावी लागेल, बाई. तिच्याबरोबर त्या वेळचा अर्धा तासही आठवणीतून जाईल," निरीक्षक अदबीने म्हणाले.

"अहो, युक्ती खुशाल न्या! पण नाव ठेवलं तेवढं राहू द्या. आत्या काय रोज रोज होता येतं?"

कंपनीचे मॅनेजर फोनवर कडाडले, "अर्धा तास? तत्त्वाचा प्रश्न आहे! वीस मिनिटांवर एक सेकंद देणार नाही." घासाघीस होऊन पंचविसावर तोडगा निघाला. दोघांनी एकमेकांचे आभार मानले. वैजूला कुणी विचारलं नाही.

कंपनीने अपील केलं आणि दहा महिन्यांनी जिंकलंही. महासंघाने युक्ती सन्मानाने परत केली. सोबतच्या पत्रात एक ओळ होती: "उरलेला मजकूर घरगुती असल्याने नष्ट केला आहे."

भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला वहिनी कौतुकाने म्हणाली, "काय गोड नाव ठेवलंत हो, वन्सं!"

"असं म्हणतात खरं," वैजू म्हणाली.