शांतता राखा

स्पर्धा तोंडावर असताना लांब पल्ल्याची ती धावपटू मागे पडत होती. विश्रांतीत शरीर किती इंधन जाळतं, हे मोजायला प्रशिक्षकांनी तिला प्रयोगशाळेत धाडलं. तंत्रज्ञ काकांनी डोक्यावर पारदर्शक घुमट ठेवून बजावलं, “अर्धा तास निवांत पडा. झोपलात, तर मुसळ केरात!” पहाटे सराव, दिवसा नोकरी, रात्री तान्ही जुळी, निवांत पडून तिला वर्ष लोटलं होतं. दोन मिनिटांत घोरू लागली. जाग आली तेव्हा तीन तास उलटले होते, अंगावर पांघरूण होतं. “अगंबाई, चाचणी वाया गेली!” “चाचणी गेली, दुखणं सापडलं,” काका हसले. त्यांनी दारावर चिकटवलेला ‘चाचणी चालू, शांतता राखा’ हा कागद तिनं डोळे पुसत मागून घेतला. संध्याकाळी बेडरूमच्या दारावर तोच पाहून सासूबाई जुळ्यांना उचलत कुजबुजल्या, “श्श! आईची चाचणी चाललीय.”