इंजिनाचा दुसरा गोळा

"देवा महाराजा," गुरव धाकू पुन्हा गाऱ्हाणं घालू लागला, "सगुणाक ताच्या इंजिनाचो गोळो दिवपाक तूं राजी आसा जाल्यार उजवी दी."

देवाच्या दगडाला चिकटवलेल्या फुलाच्या दोन पाकळ्यांपैकी डावी पडली. म्हणजे नाही. सगुणचा चेहरा पडला.

गोळा पितळेचा, मोसंब्याएवढा, शेंदूर फासून ग्रामदेव राष्ट्रोळीच्या पायाशी बसलेला. सगुणच्या अंगणात वाफेवर चालणारं, रुळांशिवाय रस्त्यावर धावणारं जुनं इंजिन उभं होतं. ते एकदा तरी सुसाट पळवायचं, एवढीच त्याची हौस. पण वेग आटोक्यात राहायला त्यावर असे दोन गोळे गरगरत असावे लागतात. एक होता, दुसरा कुणा पुण्यवंताला रानात सापडला आणि त्याने तो थेट देवाला वाहिला. शेजारच्या तुये गावी, ओतकाम करणाऱ्यांकडे नवा सहज ओतून मिळाला असता. मात्र बाकीचा अस्सल माल जमवण्यात सगुणने अर्धं आयुष्य घालवलं होतं. नकली गोळ्याने इंजिन बाटवायला तो तयार नव्हता.

त्याची बायको कमलाक्षी पुढे आली. "धाकूबाब," ती म्हणाली, "देवाकडे सगळे मागतात. ताका कितें जाय, तें विचारात!"

धाकूने डोकं खाजवलं. मग पाकळ्या पुन्हा चिकटवून हात जोडले. "देवा महाराजा, इंजिनार बसून गांवभर फिरपाची तुजी इच्छा आसा जाल्यार..."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी टपकन पडली. सगुणने बायकोकडे असं पाहिलं, की ती चक्क लाजली.

देव गोळ्याच्या रूपाने इंजिनावर चढला, पण सोवळंओवळं घेऊनच. गोळ्याला तेल घालायचं तर आधी आंघोळ. इंजिन पेटवायचं त्या दिवशी घरात मासळी बंद. सगुणने तेही मुकाट्याने सोसलं.

पहिल्या फेरीला सगळा गाव चपला काढून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. चाकं हलली, गोळे फिरू लागले आणि सगुणच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने वाफेचा दांडा आणखी ओढला. इंजिनाने खरोखरच वेग घेतला.

मागून धोतर सावरत, धापा टाकत धाकू धावत आला.

"सवकास रे सगुणा, सवकास! देवाक घेरी येतली!"